पाणी ओसरल्यानंतर

जून उजाडला की माझा दिवस दोन आकड्यांनी सुरू होतो: सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी किती आणि कोल्हापूरजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची किती. आयर्विनला ४० फुटांवर इशारा आणि ४५ फुटांवर धोका. राजारामला हेच आकडे ३९ आणि ४३. मी मूळची मिरजेची असल्यामुळे हे आकडे लहानपणापासून कानावर पडत आले, पण ते रोज सकाळी चहाच्या आधी पाहण्याची सवय मात्र आपत्तीच्या काळात मदतकार्य करणाऱ्या एका धर्मादाय संस्थेत नोकरीला लागल्यानंतरची आहे. त्या नोकरीला यंदा बारा वर्षे पूर्ण होतील. लग्नकार्यात भेटणारी नातेवाईक मंडळी हटकून म्हणतात, "फार समाधानाचं काम आहे हो तुमचं," आणि थोड्या वेळाने, आवाज जरा खाली आणून विचारतात, "पण एवढं दुःख बघून त्रास होत नाही का?" या प्रश्नाला मला आजवर एका वाक्यात उत्तर देता आलेले नाही, म्हणून हे थोडे विस्ताराने लिहिते आहे.

दुःख पाहण्याचा त्रास होतो, पण तो सोसता येतो, कारण त्या वेळी हातांना काम असते. मला खरा जाच झाला तो दुसऱ्या गोष्टीचा. मदत येते ती देणाऱ्याच्या सवडीने आणि देणाऱ्याच्या मनात येईल त्या रूपात. गरज मात्र आपल्या वेळेला आणि आपल्या रूपात उभी राहते. या दोहोंचा मेळ बसत नाही तेव्हा मध्ये उभे राहण्याचे काम आमचे असते, आणि माझ्या बहुतेक सगळ्या चिडचिडीचे मूळ तिथेच आहे. समाधानाचेही मूळ तिथेच आहे, हे कळायला मला बरीच वर्षे लागली.

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विनची पातळी ५७ फुटांच्या वर गेली आणि राजारामची ५५ फुटांच्या. शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आल्यामुळे पुणे-बंगळूर रस्ता जवळजवळ आठवडाभर बंद होता आणि मालमोटारींच्या मैलोन्‌मैल रांगा लागल्या होत्या. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे माणसांना बाहेर काढणारी बोट उलटली. ती बातमी आली तेव्हा आम्ही कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्याच्या वेशीवर अडकून पडलो होतो. नृसिंहवाडीला कृष्णा आणि पंचगंगा एकत्र येतात, त्यामुळे त्या तालुक्यात दोन्ही नद्यांचे पाणी एकमेकांना फुगवते आणि एकदा चढलेले पाणी लवकर उतरायचे नाव घेत नाही. ज्या गावी आम्ही पुढे जवळजवळ आठ महिने काम केले, त्या गावातल्या अनेकांनी पहिल्या बोटीत बसायला नकार दिला होता, कारण बोटीत म्हैस घेता येत नाही. शहरात बसून ऐकणाऱ्याला हा अडाणीपणा वाटतो. ज्या घरात दूधसंस्थेकडून दहा दिवसांनी मिळणाऱ्या बिलावर वाण्याची उधारी फिटते, त्या घरात म्हैस वाहून गेल्यानंतरचे वर्ष कसे जाते, हे मी नंतर पाहिले, आणि तेव्हापासून या विषयावर कोणी हसले की मला ते सहन होत नाही.

पाणी उतरू लागले तशा मदतीच्या गाड्या यायला लागल्या. महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून लोकांनी पाठवले आणि मनापासून पाठवले, यात मला शंका नाही. पण त्या गाड्यांमध्ये सर्वांत जास्त काय होते, तर जुने कपडे. शाळेच्या तीन वर्गखोल्या कपड्यांनी छताला लागल्या. आम्ही नऊ जण तीन दिवस फक्त कपडे निवडत होतो. फाटलेल्या चादरी, बटणे नसलेले शर्ट, जरीच्या साड्या, एकेरी चपला, लहान मुलांचे वाढदिवसाचे झगे. त्यांतले नेसण्याजोगे वेगळे काढेपर्यंत उरलेल्या ढिगाला ओल लागली आणि वास येऊ लागला, आणि शेवटी ग्रामपंचायतीला खड्डा खणून ते कपडे पुरावे लागले. ज्या गावात घराघरांतून गुडघाभर गाळ काढायचा होता, त्या गावातली तीस-चाळीस माणसे एक अख्खा दिवस त्या खड्ड्यापायी अडकली. त्याच दिवशी गावात झाडू, फावडी आणि घमेली मिळत नव्हती. गमबूट नव्हते. विहिरीत टाकायला टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची पावडर, नव्हती. बायकांच्या पाळीच्या दिवसांची सोय नव्हती आणि अंगात घालायच्या आतल्या कपड्यांची तर कोणाला आठवणही झाली नव्हती. गुरांच्या वैरणीचे तेच.

वैरणीचा एकच टेम्पो आला, त्याचा उल्लेख करायला हवा. तो आटपाडीकडच्या एका गावाने पाठवला होता. सांगली जिल्ह्याचा पूर्व भाग कायमचा दुष्काळी. आटपाडी आणि जतकडे त्याच उन्हाळ्यात चारा छावण्या चालू होत्या आणि त्याच जिल्ह्याचा पश्चिम भाग पाण्यात बुडाला होता. टेम्पोबरोबर आलेल्या शेतकऱ्याने आमच्याकडे पोच मागितली नाही, फोटो काढू दिला नाही, उतरवून झाल्यावर एवढेच म्हणाला, "उन्हाळ्यात आमची जनावरं दुसऱ्यांच्या वैरणीवर जगली." ज्याला गरज म्हणजे काय ते ठाऊक होते त्याने नेमकी वस्तू पाठवली होती. मी त्या वेळी बाजूला जाऊन थोडा वेळ बसले होते. या नोकरीत मिळालेल्या कमाईचा हिशेब मांडायला मला कोणी सांगितले, तर तो टेम्पो मी पहिल्या ओळीत लिहीन.

मदतकार्याची काही आंतरराष्ट्रीय मानके आहेत, त्यांना स्फिअर मानके म्हणतात. दर माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी, निवाऱ्यात माणशी साडेतीन चौरस मीटर जागा, २० माणसांमागे एक शौचालय आणि पुरुषांसाठी एक असेल तर बायकांसाठी तीन. प्रशिक्षणात हे आकडे मी पाठ केले होते. शाळेतल्या छावणीत तीनशेच्या वर माणसे होती आणि चालू स्थितीतली शौचालये चार होती, तीही मैदानाच्या पलीकडे, अंधारात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्या लक्षात आले की टँकरचे पाणी उरते आहे. वास्तविक ते कमी पडायला हवे होते. एका आजीला विचारले तेव्हा तिने सरळ सांगितले की बायका दुपारनंतर पाणी पीतच नाहीत, रात्री जावे लागू नये म्हणून. त्या रात्री आम्ही एक जनरेटर मिळवला, वाटेवर दिवे लावले आणि दारे नसलेल्या दोन ठिकाणी जाड ताडपत्री बांधली. दुसऱ्या दिवशी टँकर दुपारीच रिकामा झाला. टँकर रिकामा झालेला पाहून एवढा आनंद होऊ शकतो, हे या कामात नसते तर मला कळले नसते.

आता ज्या गोष्टीची अजून मनाला टोचणी आहे ती सांगते. गावात घरे होती सुमारे साडेसहाशे आणि आमच्याकडे संसारोपयोगी साहित्याचे संच होते अडीचशे. शेगडी, भांडी, सतरंज्या, दोन ब्लँकेट, बादली असे ते साहित्य होते. पाण्याखाली सगळेच गेले होते, त्यामुळे कोणाला द्यायचे यापेक्षा कोणाला द्यायचे नाही हे ठरवणे भाग होते. आमच्या नियमाप्रमाणे विधवा, एकट्या बाया, अपंग, भूमिहीन आणि घर पूर्ण पडलेले अशांना आधी द्यायचे होते. कागदावर हे फार न्याय्य दिसते. पण पहिली यादी आम्ही गावच्या चौकात बसून, चार पुढारी माणसांकडून माहिती घेऊन केली आणि ओढ्यापलीकडच्या वस्तीत कोणी गेलेच नाही. गाड्याही चौकातच थांबत होत्या. ती वस्ती नदीच्या बाजूला, सखल भागात, आणि तिथली बहुतेक घरे दलितांची आणि शेतमजुरांची. पाणी तिथे सर्वांत आधी शिरले होते आणि सर्वांत शेवटी निघाले होते. चौथ्या दिवशी तिथली एक मुलगी, नुकतीच बारावी झालेली, माझ्याकडे आली आणि म्हणाली, "ताई, आमची नावं कोण घालणार?" यादी माझ्या सहीची होती. मी ती रद्द केली, त्यावरून गावात भांडणे झाली, आमच्या गाडीसमोर लोक आडवे बसले, आणि नवी यादी त्या मुलीला आणि दोन्ही भागांतल्या आणखी तीन बायकांना बरोबर घेऊन घरोघर फिरून केली. सगळे मिळून सहा दिवस गेले. वरिष्ठांकडून रोज फोन येत होता की इतर संस्थांचे वाटप संपले, तुमचे का रखडले.

आमच्या संस्थेतल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी त्या वेळी माझी बाजू धरली. ते किल्लारीच्या भूकंपानंतरच्या कामात होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, तो भूकंप झाला तेव्हा मी शाळेत होते आणि आम्ही मुलींनी गल्लीत फिरून धान्य गोळा केल्याचे मला आठवते. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात पुढे घरांच्या दुरुस्तीचा जो मोठा कार्यक्रम झाला, त्यात गावोगावच्या बायकांना संवाद सहायक म्हणून नेमले होते. घरमालक, अभियंता आणि सरकारी कचेरी यांच्यामध्ये त्या दुवा होत्या. ते सहकारी मला म्हणाले, "साहित्य वाटायला ट्रकवालाही पुरतो. यादी कोणाच्या हाताने होते, हे बघायला आपण असतो." त्यांच्या या वाक्याने मला त्या सहा दिवसांत आधार दिला, आणि पुढे त्याच चार बायका आमच्या कामाचा कणा झाल्या.

त्या वर्षी २ सप्टेंबरला गणेश चतुर्थी होती. गणपती आले आणि गाड्या थांबल्या. २१ सप्टेंबरला विधानसभेची निवडणूक जाहीर होऊन आचारसंहिता लागली आणि वर्तमानपत्रांतूनही पूर ओसरला. गावाची खरी अडचण मात्र तेव्हा कुठे सुरू होत होती. उसाच्या पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या कोवळ्या गाभ्यात, गढूळ पाणी शिरले आणि तो बरेच दिवस बुडून राहिला, की वरून हिरवा दिसला तरी आतून कुजतो. त्यामुळे ऊसवाल्याचे वर्ष गेले. पण ज्यांच्या नावावर ऊसच नव्हता त्यांचे काय गेले, हे कोणत्याही पंचनाम्यात येत नव्हते. भांगलणीला, म्हणजे रानातले तण काढायला, जाणाऱ्या बायकांना तीन महिने कोणी कामावर बोलावले नाही, कारण भांगलायला रान उरले नव्हते. दुसऱ्याची जमीन वाट्याने किंवा खंडाने करणाऱ्याचे पीक गेले, पण सातबारा मालकाच्या नावाचा, म्हणून भरपाई मालकाच्या खात्यात. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याचा संसार गेला, पण घराचा उतारा त्याच्या नावाचा नाही. शासनाने पूरग्रस्त कुटुंबाला ग्रामीण भागात १० हजार आणि शहरी भागात १५ हजार रुपये सानुग्रह अनुदान दिले, त्याचा अनेकांना उपयोग झालाही. पण ज्यांची कागदपत्रेच वाहून गेली होती, किंवा ज्यांचा एका घरात तीन चुली असूनही शिधापत्रिकेवर एकच संसार होता, त्यांना त्या रकमेसाठी कचेरीच्या किती खेपा घालाव्या लागल्या, ते मी त्यांच्यासोबत जाऊन पाहिले आहे.

म्हणून आम्ही त्या चार बायकांना मानधनावर घेतले आणि आमच्या दोन कार्यकर्त्यांसह ग्रामपंचायतीच्या एका खोलीत रोज सकाळी दहा ते दोन बसायला लागलो. अर्ज लिहायचे, आधारची प्रत काढायची, बँक खाते चालू आहे का पाहायचे, तलाठ्याकडे गावकऱ्यांबरोबर जायचे. ऐकायला हे काम रुक्ष वाटते. ऑक्टोबर ते फेब्रुवारी या काळात त्या एका खोलीतून गावातल्या कुटुंबांना जे हक्काचे पैसे मिळाले, ते आम्ही वाटलेल्या सर्व साहित्याच्या किमतीच्या कितीतरी पट होते. तरीही देणगीदारांना पाठवण्याच्या अहवालात त्या खोलीसाठी रकाना नव्हता. त्या दोन कार्यकर्त्यांचा पगार आणि चौघींचे मानधन हे सारे प्रशासकीय खर्चात धरले गेले, आणि अहवाल गेल्याच्या दुसऱ्या दिवशी एका देणगीदाराचा मेल आला की एवढा खर्च पगारावर का, आमच्या शंभर रुपयांतले थेट पूरग्रस्तांपर्यंत किती पोहोचले.

देणाऱ्याने हिशेब मागावा, हे मला पूर्णपणे मान्य आहे. धर्मादाय आयुक्तांकडे दरवर्षी हिशेब जातो, लेखापरीक्षण होते, आणि ज्या क्षेत्रात पैशांची अफरातफर करणारेही आहेत तिथे विचारणा झालीच पाहिजे. पण माणसाच्या वेळेला काही किंमत नाही आणि वस्तूला मात्र आहे, ही समजूत ज्या दिवशी आपल्या समाजातून जाईल त्या दिवशी आमच्यासारख्या संस्थांचे निम्मे प्रश्न सुटतील. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायला लावली, त्यातून खेड्यापाड्यांत चांगली कामे उभी राहिली आहेत आणि आमच्या गावातले तीन हातपंप त्याच पैशांतले आहेत. त्याच पैशांतून एकदा असेही झाले, की कंपनीच्या नावाचा फलक छापून यायला उशीर झाला म्हणून तयार पडलेली ब्लँकेटे चार दिवस गोदामात ठेवावी लागली. नोव्हेंबरातली थंडी होती. मी त्या कंपनीच्या अधिकाऱ्यांशी वाद घातला नाही, कारण पुढच्या टप्प्याचा करार व्हायचा होता. तो वाद मी घालायला हवा होता, असे मला आजही वाटते. परदेशी देणग्यांच्या कायद्यातही २०२० मध्ये बदल झाला. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली आणि एका संस्थेला मिळालेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेला देण्यास बंदी झाली. मोठ्या संस्थेकडून थोडे पैसे घेऊन तालुक्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या ज्या छोट्या संस्था होत्या, त्यांच्यापैकी आमच्या ओळखीच्या दोन संस्थांनी त्यानंतर आपल्या माणसांना निरोप दिला.

फोटोविषयीही लिहायला हवे. पहिल्या वर्षांत मी शेकडो फोटो काढले: हातात संच, मागे फलक, चेहऱ्यावर हसू आणा असे सांगून. शिरोळ तालुक्यातल्या त्या वाटपाच्या दिवशी एका मध्यमवयीन बाईने संच घेतला आणि मी मोबाइल वर केला तसा पदर तोंडावर ओढून घेतला. मी म्हटले, "मावशी, जरा पदर बाजूला करा, अहवालाला लागतो." तिने केला. त्या फोटोतला तिचा चेहरा मला अजून दिसतो. महिनाभरापूर्वीपर्यंत ती स्वतः दारात आलेल्याला भाकरी देणारी बाई होती. त्यानंतर मी माझ्या पथकासाठी नियम केला की चेहरे नकोत, साहित्याचे आणि सह्यांचे फोटो पुरे. त्यापायी एक देणगीदार गमावला. संस्थेने तो तोटा सोसला आणि मला बोल लावला नाही, याबद्दल मी कायम ऋणी राहीन.

करार ३१ मार्चला संपणार होता. काम रंगात येते तेव्हाच प्रकल्प संपतो, ही आमच्या क्षेत्रातली नेहमीची गोष्ट आहे, तरी ती सांगण्याची वेळ येते तेव्हा दरवेळी जीभ जड होते. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात मी त्या चौघींना खोलीत बसवून सांगितले की एप्रिलपासून मानधन मिळणार नाही. महिन्याचे सहा हजार रुपये होते. कोणी रडले नाही, कोणी बोललेही नाही. ती बारावी झालेली मुलगी फक्त एवढेच म्हणाली, "मग वह्या कुणाकडं द्यायच्या?" वह्या म्हणजे घरोघर फिरून केलेल्या नोंदी: कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेले माणूस आहे, कोण गरोदर आहे, कोणाकडे शिधापत्रिका नाही, कोणाच्या घरी किती जनावरे आणि कोणाच्या घरी पुरात नावेसारखी वापरता येईल अशी काहील (गुळाची मोठी कढई) किंवा दोरखंड आहे. मी त्यांना म्हटले, वह्या तुमच्या, तुमच्याकडेच ठेवा. परतीच्या गाडीत मी सहकाऱ्यांशी एक शब्द बोलले नाही. ज्यांच्या कष्टावर आमचा अहवाल उभा होता त्यांना आम्ही पुढचा महिना देऊ शकत नव्हतो, आणि त्याच आठवड्यात शहरातल्या एका कार्यक्रमात याच कामासाठी आम्हाला स्मृतिचिन्ह मिळणार होते.

मार्च संपण्यापूर्वीच टाळेबंदी लागली. आम्ही पुण्यात घरांत अडकलो. एप्रिलमध्ये त्या गावच्या सरपंचांचा फोन आला, तो मदत मागण्यासाठी असेल असे मला वाटले. त्यांनी सांगितले की गावातल्या तालमीच्या पोरांनी धान्य गोळा केले आहे आणि त्या चौघी आपल्या वह्या घेऊन, ज्यांच्याकडे शिधापत्रिका नाही अशा घरांना आधी, या क्रमाने ते पोहोचवत आहेत. ओढ्यापलीकडच्या वस्तीपासून सुरुवात केली होती. मानधन नव्हते, आमच्यापैकी कोणी तिथे नव्हते, आणि आम्हाला कोणी विचारलेही नव्हते. फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन आईला हे सांगितले आणि सांगता सांगता मला हुंदका आला. आईने या नोकरीविषयी आयुष्यभर काळजीच केली आहे. बँकेतली पक्की नोकरी सोडून वर्षावर्षाच्या करारावर राहणारी मुलगी तिला कधी पटली नाही. त्या दिवशी मात्र ती काही न बोलता पाठीवरून हात फिरवत राहिली.

२०२१ च्या जुलैत पुन्हा तेच झाले. २२ जुलैला चिपळुणात वाशिष्ठीचे पाणी बाजारपेठेत शिरले आणि इकडे कृष्णा-पंचगंगेनेही धोक्याची पातळी ओलांडली. आम्ही दोन दिशांना जाऊ शकत नव्हतो. मी त्या मुलीला फोन केला. ती म्हणाली, "ताई, तुमी हिकडं येऊ नगा. जनावरं परवाच वरच्या माळावर नेल्यात. म्हातारी माणसं काल हलवली. फकस्त टीसीएल आणि झाडू पाठवा, आणि कुणी कापडं पाठवतो म्हणालं तर त्यांना नगं म्हणून सांगा." वह्यांतली जनावरांची यादी त्यांनी पाणी चढायच्या आधी दोन दिवस हातात घेतली होती. कोणती घरे आधी बुडतात हे त्यांना २०१९ पासून फुटांच्या आकड्यांसकट ठाऊक होते: राजारामला इतके झाले की ओढ्यापलीकडे पाणी, इतके झाले की चौकात. आमच्या कार्यालयात लावलेल्या नकाशापेक्षा तो हिशेब पक्का होता. मी निश्चिंत मनाने चिपळूणच्या गाडीत बसले. बारा वर्षांत पूर आलेला असताना निश्चिंत मन ही गोष्ट मला एकदाच लाभली आहे.

चिपळुणाने वेगळे काही शिकवले. तिथे पुरात सापडलेली माणसे अनेक वर्षे देणाऱ्याच्या बाजूला उभी राहिलेली होती: किराणावाले, औषधांची दुकाने, कापडवाले, छापखाना चालवणारे. त्यांच्या दुकानातला सगळा माल चिखल होऊन रस्त्यावर पडला होता, करोनाच्या निर्बंधांमुळे धंदा आधीच मोडलेला होता, आणि तरी त्यांच्यापैकी कोणी आमच्या रांगेत येईना. एका दुकानदाराने दारात उभे राहून मला सांगितले की आमचे ठीक आहे, पलीकडच्या वाडीत द्या. त्यांच्या घरात दोन दिवस चूल पेटली नव्हती, हे शेजारणीने सांगितले. मग आम्ही संध्याकाळी दिवेलागणीनंतर, फलक न लावता, घरी गेल्यासारखे जाऊ लागलो आणि जेवणाचे डबे स्वयंपाकघरापर्यंत नेऊन ठेवू लागलो. त्या घरांमध्ये आम्हाला सह्या मागता आल्या नाहीत. लेखापरीक्षणात त्यावर आक्षेप आला आणि त्याचे उत्तर लिहिताना मी शब्द शोधत दोन तास बसले होते.

आता ज्या कामात मला यश आलेले नाही त्याविषयी. शिरोळ तालुक्यातल्या त्याच गावात एक आजी आहेत. २०१९ मध्ये त्यांच्या घराच्या दोन भिंती पडल्या. घराचा आठ नंबरचा उतारा, म्हणजे ग्रामपंचायतीतली घराची नोंद, त्यांच्या वारलेल्या दिराच्या नावावर आहे, दिराची मुले मुंबईत, आणि त्यांच्यापैकी एकाची सही मिळत नाही म्हणून आजींचा घरकुलाचा अर्ज पुढे सरकत नाही. आम्ही पत्रे लिहिली, फोन केले, एकदा मी स्वतः डोंबिवलीला जाऊन त्या पुतण्याला भेटून आले. तो बोलायला चांगला होता, पण सही त्याने केली नाही. घर उभारण्याइतकी रक्कम आमच्याकडे एका वर्षी होती, परंतु दुसऱ्याच्या नावच्या जागेवर बांधकाम करायला संस्थेचे नियम परवानगी देत नाहीत, आणि ते नियम मीच एका बैठकीत योग्य ठरवलेले आहेत. पडलेल्या भिंतींच्या जागी अजून आम्ही दिलेली ताडपत्री आहे. तिच्यावरचे संस्थेचे नाव उन्हाने उडून गेले आहे.

मी दर वर्षी पावसाळ्यापूर्वी त्यांच्याकडे जाते. गेल्या खेपेला त्यांनी चहा केला, परतताना पिशवीत भुईमुगाच्या शेंगा घातल्या आणि विचारले, "डोंबिवलीवाल्याचं काय झालं?" मी नेहमीचे उत्तर दिले. त्यांनी मान हलवली आणि उभ्या असलेल्या भिंतीकडे बोट दाखवले. तिथे २०१९ च्या पाण्याची तांबूस रेघ अजून दिसते, माझ्या डोक्याच्याही वर. त्या रेघेच्या वीतभर वर त्यांनी एक खिळा ठोकून घेतला आहे आणि त्याला दुधाच्या जाड पिशवीत बांधलेली अर्जाची फाइल टांगली आहे. "आता कितीबी पाणी आलं तरी कागद भिजत न्हाईत," त्या म्हणाल्या, आणि नवी तारीख घालून आणलेला अर्ज मी त्यांच्या अंगठ्यासाठी पुढे केला.